तिथी, वार आणि तारे



इतिहास, संस्कृती आणि अंतराळ यांवरच्या विद्यापीठीय संशोधनाची परिषद दाभोळात भरणार म्हटल्यावर गावात एक साधा प्रश्न निघाला. इतिहास ठीक, बंदराला लागून शाही मशीद आहे, चंडिकेचे भुयारातले देऊळ आहे. संस्कृतीचे तर विचारूच नये, कोकणात ती प्रत्येकाच्या पडवीत पाय पसरून बसलेली असते. पण अंतराळाचा आणि दाभोळचा संबंध काय? इथे वेधशाळा नाही, तारांगण नाही. बाहेरच्या माणसाला दाभोळ म्हटले की एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवतो, आणि तोही खरे म्हणजे खाडीपलीकडे अंजनवेलला आहे.

स्वागताध्यक्षाने पाहुण्यांना गावची महती ऐकवायची हा रिवाज. तो थोडक्यात उरकता येईल. वाशिष्ठीच्या मुखावरच्या या बंदरात बहमनी आणि आदिलशाही काळात अरबस्तानचे घोडे उतरत. १५०८ सालाच्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा याने चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाचा सूड म्हणून हे शहर जाळले. पुढे ते शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. एवढे पुरे. गावकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर सापडते ते मात्र एका रशियन व्यापाऱ्यापाशी.

अफनासी निकितिन हा त्वेर शहरचा. व्होल्गा नदीच्या मुखाशी तातारांनी त्याला लुटले, त्यात बरोबरची धर्माची पुस्तकेही गेली. तरी गडी मागे फिरला नाही. इराणमार्गे होर्मुझला आला, विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरवरून बीदरला गेला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. परतताना त्याने जहाज धरले ते दाभोळहून; होर्मुझपर्यंतच्या प्रवासाचे दोन सोन्याचे तुकडे मोजले, असे त्याने लिहून ठेवले आहे.

त्याची खरी अडचण पैशाची नव्हती, तारखेची होती. पुस्तके गेल्यामुळे ईस्टर कधी येतो हेच त्याला कळेना. मग तो मुसलमानी सणांवरून अंदाज बांधू लागला. बीदरमध्ये त्याने पहाटेच्या आकाशाकडेही पाहिले. कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरले आहेत, सप्तर्षींचे डोके पूर्वेकडे आहे, अशी नोंद त्याने केली.

आता यात विद्यापीठांचे काम कुठे येते? निकितिनने सालच दिलेले नाही. जुन्या अभ्यासकांनी त्याचा प्रवास १४६६ ते १४७२ असा धरला होता. नंतरच्या रशियन अभ्यासकांनी त्याच्या सणांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. मुसलमानी चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, त्यामुळे त्यातले सण सौरवर्षात दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतात. ईस्टर मात्र वसंत ऋतूतच घुटमळतो. हे दोन सण एकमेकांपासून किती दिवसांवर होते ते कळले, की साल कोणते असेल आणि कोणते नसेल हे ठरवता येते. तशी मांडणी केल्यावर प्रवासाची सुरुवात दोन वर्षे पुढे, १४६८ मध्ये गेली. दाभोळच्या धक्क्यावरून एक जहाज नेमके कोणत्या वर्षी सुटले, हे सांगायला इतिहासकाराला चंद्राची मदत घ्यावी लागली. गावकऱ्यांच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे व्हावे.

हे गणित दापोली तालुक्याला नवे नाही. किनाऱ्याने उत्तरेला गेले की मुरुड लागते. महर्षी कर्व्यांचे मुरुड म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याच मुरुडात १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. ते मॅट्रिक झाले, पदवी त्यांना नव्हती. गावोगावच्या शाळांतून शिकवत शेवटी ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. आजच्या नियमांनी पाहिले तर कोणत्याही विद्यापीठाने त्यांना पीएच.डी.चा मार्गदर्शक होऊ दिले नसते.

त्यांच्या काळात गुप्त संवत कधी सुरू झाला यावर विद्वानांत चांगलीच जुंपली होती. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त यांचा काळ सगळा त्या एका आकड्यावर लोंबकळत होता. कोणी इसवी सन ७८ म्हणे, कोणी १६७, कोणी १९०. अल्बेरुणीने मात्र शकानंतर २४१ वर्षांनी, म्हणजे ३१९ च्या सुमारास, असे लिहून ठेवले होते. मध्य प्रदेशातल्या एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा स्पष्ट उल्लेख आहे. नुसते वर्ष आणि तिथी असती तर कोणताही पक्ष घेता आला असता. पण वार कोणाची भीड ठेवत नाही. दीक्षितांनी सूर्य-चंद्राची गणिते केली आणि अल्बेरुणीचा आकडा धरला तर ती द्वादशी गुरुवारीच पडते हे दाखवले: २१ जून ४८४.

यात एक खोच आहे, ती विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. वार सातच. कोणताही चुकीचा आकडा घेतला तरी सातात एकदा वार आपोआप जुळणारच. म्हणून एका शिलालेखावर दीक्षित थांबले नाहीत. तिथी, वार, संवत्सर असे तपशील असलेले आणखी लेखही त्यांनी गणिताला लावले. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली गुप्त शिलालेखांचा जो मोठा खंड काढला, त्यात हे गणित दीक्षितांच्या नावानिशी आले. पुढे १८९६ साली रॉबर्ट सेवेलबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेची इंग्रजी कोष्टके प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा मराठी ग्रंथ निघाला. तो इंग्रजीत यायला सत्तरच्या वर वर्षे लागली, आणि तो छापला हवामान खात्याने! इतिहासवाल्यांना तो खगोलाचा वाटला असावा आणि खगोलवाल्यांना इतिहासाचा.

तिथी आणि तारखेचा घोळ मराठी माणसाला निराळा समजावून सांगायला नको. शिवजयंती दोनदा होते, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, हा वाद पाऊण शतक चालला. जेधे शकावली, परमानंदाचे शिवभारत आणि जोधपूरकडे सापडलेली कुंडली अशा तीन निरनिराळ्या वाटांनी पुरावा आला तेव्हा १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पक्की झाली. तीही ज्युलियन. आजच्या ग्रेगोरियन गणतीने १ मार्च येते, पण ते इथे फार मोठ्याने बोललेले बरे नव्हे.

दीक्षित १८९८ साली वारले. त्याच वर्षी २२ जानेवारीला कोकणात खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, आणि तिथून एक दंतकथा सुरू होते. ती कोकणातल्या माणसांनीच तपासली पाहिजे. विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून चौथरे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला असे सांगतात, आणि त्या दिवशी तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. ऐकायला छान वाटते. पण १८६८ च्या त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहणाची वाट जमखंडी-विजापूरवरून पूर्व किनाऱ्याला गेली. पटवर्धनांच्या जमखंडीत जॉन हर्शेल हा सैन्यातला अधिकारी दुर्बीण लावून बसला होता, आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. लॉकियरने २० ऑक्टोबरला लंडनमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यात सोडियमच्या रेषांजवळची, पण त्यांच्याशी न जुळणारी पिवळी रेषा त्याला दिसली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाच्या.

विजयदुर्गला लॉकियर आला हे मात्र शंभर टक्के खरे. तो आला १८९८ च्या ग्रहणाला. आणि ती खरी गोष्ट दंतकथेहून रंगतदार आहे. ब्रिटिश आरमाराची ‘मेल्पोमिनी’ युद्धनौका त्याच्या दिमतीला होती. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात दुर्बिणी, कॅमेरे, वर्णपटमापक सगळे चालवायचे. म्हणून लॉकियरने खलाशांनाच हाताशी धरले, कोणी काय करायचे ते वाटून दिले आणि त्यांच्याकडून कवायतीसारखा सराव करून घेतला. प्रभामंडल डोळ्यांनी पाहून त्याचे चित्र काढायलाही त्यांना शिकवले. तोफा डागणारे हात पेन्सिल धरून किल्ल्यात बसलेले! विजयदुर्गाने अभिमान बाळगावा तो याचा.

त्या दिवशी चंद्राची सावली महाराष्ट्रातून तिरपी गेली. सोलापूरकडच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोक होते. वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर होती. लग्न झाले म्हणून ग्रीनिच वेधशाळेतली नोकरी गेलेली बाई. तिने घेतलेल्या छायाचित्रात प्रभामंडलाचा एक लांबच लांब किरण उमटला, तितका लांब तोवर कोणाच्या काचेवर आला नव्हता. वर्धा नदीकाठच्या पुलगावलाही इंग्रजांचा एक तळ होता.

जेऊरला आणखी एक माणूस होता, कावसजी दादाभाई नायगामवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्या हाती होती. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण ही तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. नायगामवालांनी जेऊरच्या ग्रहणावर सविस्तर अहवाल लिहून छापला. कॉलेजातल्या प्राध्यापकाने वर्ग सांभाळून केलेले जागतिक दर्जाचे संशोधन म्हणतात ते हेच. पुढे काय झाले? १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या खुर्चीवर उभा असलेला विभाग त्या खुर्चीबरोबर उठला. पुण्यात आकाशाच्या संशोधनाला पुन्हा मोठे घर मिळायला १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहावी लागली.

आज दुर्बिणींची वाण नाही. खोडदच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना रात्रंदिवस आकाश ऐकतात. वाण आहे ती दोन्ही बाजूंचे कळणाऱ्या माणसांची. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोडी वाचता येत नाही आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्षयतिथी म्हणजे काय ते सांगता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून मयंक वाहिया यांच्यासारख्यांनी काश्मीरमधल्या बुर्झाहोमच्या दगडावरचे चित्र प्राचीन अतिनवताऱ्याचे असावे, असा तर्क मांडला. तर्क पटो न पटो, तो तपासायला पुरातत्त्वज्ञ आणि खगोलज्ञ एकाच टेबलाशी बसावे लागतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांना तर याची फारच निकड आहे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याआधीपासूनच व्हॉट्सॲपवर परग्रहावरची माणसे सड्यावर उतरवून झाली आहेत. त्यांना परत पाठवण्याचे काम या परिषदेने मनावर घ्यावे.

स्वागत समितीची परिषदेकडे एक मागणी आहे. दर्यावर जाणाऱ्या माणसांचे आकाशाचे गणित विद्यापीठाने लिहून घ्यावे, आणि ते लोकसाहित्याच्या विभागात गोड म्हणून नव्हे, तर मोजमाप करून. उदाहरण द्यायचे तर भरतीचे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो, म्हणून हे गणित बसते. बंदराबंदराप्रमाणे ते थोडे मागेपुढे होते. दाभोळ, हर्णै, जयगड, विजयदुर्ग अशा एकेका ठिकाणी हा फरक किती, खाडीत आत गेल्यावर किती वाढतो आणि जुन्या तांडेलांनी तो कसा धरला होता, यावर एखाद्या मुलीने किंवा मुलाने पाच वर्षे खुशाल घालवावीत. मार्गदर्शक दोन असावेत, एक समुद्रविज्ञानाचा आणि एक इतिहासाचा. तांडेलाचे नाव प्रबंधात ऋणनिर्देशात न घालता मजकुरात यावे, जसे फ्लीटने दीक्षितांचे घातले.

सुरुवात उद्याच करता येईल. उद्या पंचमी, म्हणजे हिशेबाने पावणेचारला भरती. दुपारचे सत्र साडेतीनला संपते. ज्यांना गणित पडताळायचे आहे त्यांनी घड्याळ घेऊन जेटीवर यावे, आणि वेळ चुकली तर किती मिनिटांनी चुकली ते परिषदेच्या अहवालात नोंदवावे.