कागदावरचं घर आणि घरातली बाई

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शहरातल्या गरिबांची घरं आणि त्यासोबतच्या सोयी यावर बोल, असं मला संयोजकांनी सांगितलं. मी मुंबईच्या झोपडपट्टीत वाढले आणि तिथंच काम करते. त्यामुळे माझ्याच हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करते.

आमच्या वस्तीत पुनर्वसन योजना आली. पात्र झोपडीधारकांची यादी, म्हणजे आपण ज्याला परिशिष्ट-दोन म्हणतो, ती करायला माणसं आली. लिहिता न येणाऱ्या बायकांचे अर्ज मी दारोदार फिरून भरून देत होते. गल्लीच्या टोकाला एक मावशी राहायच्या. लेकरं लहान असतानाच नवरा टाकून गेलेला. आधी बांबू-प्लास्टिक, मग पत्रा, मग विटा, असं ते घर त्यांनी चार घरची धुणीभांडी करून उभं केलेलं. पण लाइटबिल नवऱ्याच्या नावावर आणि जुन्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखही तोच. मी म्हटलं, "मावशी, मुलाचं नाव घालू या. तो मतदारयादीत आहे, पुढची कटकट वाचेल." त्या म्हणाल्या, "तू शिकलेली, तुला कळतं. घाल."

मी घातलं. काही वर्षांनी इमारत झाली, किल्ली मुलाला मिळाली. दोन वर्षांत त्यानं ती खोली भाड्यानं दिली आणि तो बायको-मुलांना घेऊन लांब राहायला गेला. मावशींना म्हणाला, "गावाला जा." गावाला त्यांचं कोण होतं? ज्या वस्तीत त्यांनी उभी हयात काढली, तिथं त्या आज दुसऱ्याच्या खोलीत कोपऱ्यापुरत्या राहतात. त्यांना बेघर करणाऱ्या कागदावर अक्षर माझं आहे.

कोणी म्हणेल, नियम तर चांगला आहे. खरंच आहे. १९९५ साली मोफत घरांची योजना आली, तिच्या नियमावलीत घराचा करार प्रमुख झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार अशा दोघांच्या संयुक्त नावानं करावा असं लिहिलेलं आहे. हे आपण मिळवलेलं आहे, ते सोडायचं नाही. या नियमानं मावशींच्या सुनेचं नाव लागलं, तो तिचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नीट वाचा. हा नियम नवऱ्यासोबत राहणाऱ्या बायकोला धरतो. ज्या बाईनं घर बांधलं ती आई त्यात नाही. बहीण नाही, माहेरी परत आलेली लेक नाही. आणि टाकलेल्या बाईचं काय? नवरा परागंदा असला, तरी कागदावर पहिलं नाव त्याचं. तो एक दिवस उगवतो आणि म्हणतो, "माझी खोली कुठाय?" म्हणजे बाईला घर मिळतं ते बायको म्हणून. राबणारी, बांधणारी, राहणारी माणूस म्हणून नाही.

दुसरीकडे पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डासाठी घरातली सगळ्यात मोठी, १८ वर्षांवरची बाई कुटुंबप्रमुख ठरवली. धान्याच्या रांगेत उभं राहायला आपण प्रमुख, आणि घराची किल्ली घ्यायची वेळ आली की 'कर्ता पुरुष कोण?' हे चालवून घ्यायचं का?

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपल्याला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. बाईला घराबाहेर काढू नये, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. पर्यायी जागा किंवा तिचं भाडं द्यायलाही सांगू शकतं. या कायद्याचा वापर आपण करायलाच हवा. पण तो हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. आणि रात्री अकरा वाजता बाहेर काढलेल्या बाईला त्या रात्री झोपायला जागा लागते, न्यायालयाची तारीख नंतर लागते.

आता सोयींबद्दल. १९९५ मध्ये खोली २२५ चौरस फुटांची होती, पुढे २६९ झाली, मग ३००. सगळी चर्चा फुटांवर. पण झोपडीत दार उघडं असायचं. मी कामाला गेले तर शेजारीण पोराला बघायची. ओट्यावर बसून पापड लाटायचे, मणी ओवायचे. मारहाण झाली तर भिंतीपलीकडे आवाज जायचा आणि कोणीतरी धावून यायचं. सातव्या मजल्यावर दार बंद. लिफ्ट बंद पडली की म्हातारीचा दवाखाना बंद. देखभालीचा महिना भरायचा तो वेगळा. योजनेत बालवाडी आणि कल्याण केंद्र द्यावंच लागतं. आमच्या इमारतीत ती खोली बांधली गेली, आणि कित्येक महिने तिथं सिमेंटच्या गोण्या होत्या. आम्ही वीस बायका लेकरं घेऊन दारात बसलो तेव्हा कुलूप निघालं. पाळणाघर नसेल तर बाईची नोकरी जाते, नोकरी गेली की देखभालीचे पैसे थकतात, पैसे थकले की खोली भाड्यानं देऊन माणसं पुन्हा झोपडीत जातात. मग वर्तमानपत्रात येतं, 'यांना फुकट घरं दिली तरी विकतात.'

आपल्याला काही फुकट मिळालेलं नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, त्यामागे फुटपाथवर राहणाऱ्यांची लढाई होती. अर्थात त्याच निकालानं, सूचना देऊन हटवायला मोकळीकही ठेवली. ठरलेल्या तारखेनंतरच्या वस्त्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं, तेही पाणी हक्क समिती लढली म्हणून. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८० च्या दशकात महिला मिलन उभं केलं. थोडी थोडी बचत केली आणि आपलं घर कसं हवं त्याचा नमुना स्वतः मांडून दाखवला. घराचा नकाशा बाईला कळतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

तेव्हा इथून जाताना चार कामं घेऊन जाऊ. एक, वस्तीत सर्वेक्षण होण्याआधी प्रत्येक बाईचं नाव मतदारयादीत आणि जमतील त्या कागदांवर लावून घ्यायचं. दोन, एकट्या, विधवा आणि परित्यक्ता बायकांची यादी आपण आधीच करायची आणि त्यांना स्वतंत्र कुटुंबप्रमुख धरा, असा लेखी आग्रह धरायचा. तीन, घर ज्या बाईनं उभं केलं तिचं नाव करारात यावं, ती कोणाची बायको असो वा नसो, ही मागणी सगळ्या संघटनांनी मिळून सरकारपुढे ठेवायची. चार, बालवाडीची खोली सुरू झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सोसायटीनं सही करायची नाही. त्यासाठी सोसायटीच्या कमिटीत बायका हव्यात, आणि त्या सतरंज्या घालायला नव्हे.

पुढच्या महिन्यात आमच्या शेजारच्या वस्तीत सर्वेक्षण आहे. त्या मावशी माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांनी मला एकच अट घातलीय: "या खेपेला लिहायच्या आधी बाईला विचार, आणि लिहून झालं की तिला वाचून दाखव." ही अट तुम्हीही घ्या.