‘प्लंबर’ या शब्दातील शिसे

नळ बसविणाऱ्या कारागिराला इंग्रजीत ‘प्लंबर’ म्हणतात. परंतु या शब्दाच्या मुळाशी नळ नाही, पाणीही नाही, तर शिसे हा धातू आहे. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लंबुम’ आणि शिसेकाम करणाऱ्याला ‘प्लंबारिउस’ म्हणत. रसायनशास्त्रातील शिशाची ‘पीबी’ ही संज्ञाही त्याच नावावरून आली. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दात लॅटिनच्या प्रभावाने ‘ब’ पुन्हा लिहिला जाऊ लागला, तरी तो उच्चारात उतरला नाही. म्हणून इंग्रज ‘प्लमर’ म्हणतो, आणि मराठी माणूस मात्र तो ‘ब’ स्पष्ट उच्चारतो.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा कारागीर चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे चढवीत असे आणि पावसाच्या पाण्यासाठी पन्हळी घडवीत असे. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, हाताने वाकविता येते आणि सहसा गंजत नाही, म्हणून पाण्याच्या नळांसाठीही तेच सोयीचे ठरले. रोमन कारागीर शिशाचा पत्रा गोल वळवून त्याच्या सांध्याला डाख देत, म्हणजे वितळलेल्या धातूने तो सांधा बुजवीत, आणि अशा नळांतून शहरात पाणी खेळवीत.

या सोयीची किंमत प्रथम कारागिरांनी मोजली, आणि ती एका रोमन लेखकाच्या नजरेतून सुटली नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस याने वास्तुविद्येवरील आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात मातीच्या नळांतील पाणी अधिक आरोग्यदायी ठरविले, आणि पुरावा म्हणून शिसेकाम करणाऱ्यांच्या निस्तेज, फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखविले. शिसे ओतताना निघणारी वाफ शरीरात भिनून रक्ताची शक्ती हरण करते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचे शरीरशास्त्र जुने असले तरी निरीक्षण खरे होते. शिसे रक्तातील हिमोग्लोबिनच्या निर्मितीत अडथळा आणते आणि लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक ठरते, हे आता सिद्ध झाले आहे.

तरीही अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नवे नळ बसविण्यास कायद्याने बंदी आली ती १९८६ मध्ये. जुने नळ जमिनीखाली तसेच राहिले, आणि २०१४ मध्ये मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला तेव्हा गंजरोधक प्रक्रियेअभावी त्या नळांतील शिसे घरोघरच्या पाण्यात उतरले.