मोठा अपघात, कायमचं अपंगत्व आणि भरपाईचा हक्क

(फेडरेशनच्या मासिक सभेत विधी स्वयंसेविका ताईंनी दिलेली माहिती, त्यांच्याच शब्दांत)



विषय जरा जड आहे, पण आपल्याच घरातला आहे. अपघातात माणूस गेला तर काय करायचं, हे गावात थोडंफार माहीत असतं. पण माणूस वाचला आणि कायमचा जायबंदी झाला तर? मणका मोडून कमरेखालचं अंग लुळं पडतं, डोक्याला मार लागून समज जाते, हात नाहीतर पाय कापावा लागतो. असं दुखणं टाके काढले की संपत नाही, ते त्या घरात जन्मभर राहतं. सेवेला बहुतेक वेळा घरातली बाईच बसते. मग तिचीही मजुरी बुडते आणि गटाचा हप्ता थकतो.

आज आपण रस्त्यावरच्या अपघाताचं बोलू. गावात काय होतं बघा. गाडीमालक चार मोठी माणसं घेऊन येतो. "दवाखान्याचं मी बघतो, वर तीस हजार देतो, केस करू नका," म्हणतो. घरचे घाबरलेले असतात, हातात पैसा नसतो, सही होऊन जाते. माझं आज एकच सांगणं आहे. भरपाई कशाकशाची मिळते, हे कळल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही.

भरपाई कशाची?

दवाखान्याचं बिल हा त्यातला एक भाग झाला. त्याशिवाय पुढच्या उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढं आयुष्यभर बुडणारी कमाई, सांभाळायला लागणाऱ्या माणसाचा खर्च, कृत्रिम पाय नाहीतर चाकाची खुर्ची, सोसलेल्या वेदना, हे सगळं मागता येतं.

एक हिशेब करू. समजा बाई 38 वर्षांची आहे. शेतमजुरी, शेळ्या आणि घरकाम मिळून तिची कमाई कोर्टानं महिना 10,000 रुपये धरली. वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढं वाढणाऱ्या कमाईचे 40 टक्के मिळवायचे. झाले 14,000. वर्षाचे 1,68,000. या वयाला 15 नं गुणतात. झाले 25,20,000. तिला आता काहीच काम करता येणार नसेल, तर ही सगळी रक्कम मागता येते. सांभाळणाऱ्या माणसाचे महिना 5,000 धरले तर त्याचे 9 लाख वेगळे. आता त्या तीस हजारांशी ताडून बघा. दर केसमध्ये एवढेच मिळतील असं नाही, पण हिशेब असा करतात.

"बाई तर घरीच असते, तिची कसली कमाई?" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घरकामालाही मोल आहे आणि भरपाईत ते धरलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय. 2020 मधला एक निकाल 12 वर्षांच्या मुलीचा आहे. ट्रॅक्टरला ट्रकनं धडक दिली, तिच्या डोक्याला मार लागला आणि ती कायमची परावलंबी झाली. तिला सांभाळायला दोन माणसं लागणार, म्हणून नुसत्या त्या खर्चापोटी कोर्टानं 21,60,000 रुपये धरले.

टक्केवारीचा घोळ

अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के असतात. पण दाखल्यावर 60 टक्के आहे म्हणून कमाईही 60 टक्केच बुडाली, असं होत नाही. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच समजावलंय. हात गेला तरी सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराचा नाहीतर ड्रायव्हरचा धंदा जवळजवळ पूर्णच जातो. म्हणून जबाब देताना नीट सांगा. अपघाताआधी ती काय काय करायची? खुरपणी, कापणी, धार काढणं, डोक्यावर पाणी आणणं. यातलं आता काय जमत नाही? "शेतीकाम" एवढाच शब्द लिहून सोडू नका.

कोणते कागद जपायचे?

1. दवाखान्यात भरती करतानाच "गाडीच्या अपघातानं लागलंय" हे लिहून घ्या. केसपेपरवर "पडून लागलं" असं आलं, तर पुढं विमा कंपनी तोच कागद दाखवते.
2. पोलिसात एफआयआर करा. तिची प्रत मोफत मिळते. पंचनाम्याची प्रतही मागून घ्या. गाडीचा नंबर आणि विम्याचा कागद पोलिसांकडून मिळवा.
3. डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या पावत्या, एक्स-रे, दवाखान्यात नेणाऱ्या जीपच्या भाड्याची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत ठेवा.
4. उपचार संपले की सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढा.
5. कमाईचा पुरावा जमवा. इथं आपला गट कामाला येतो. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पापडासाठी घेतलेलं कर्ज, वेळेवर फेडलेले हप्ते, विक्रीच्या नोंदी आपल्या रजिस्टरमध्ये असतात. बाई कमावती होती हे दाखवायला त्या कोर्टापुढं मांडता येतात. म्हणून रजिस्टर दर बैठकीत भरा, मागून एकदम भरू नका.

दावा कुठं, किती दिवसांत?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. मुदत उलटून गेली असेल तरी घरी बसू नका, वकिलाला विचारा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत? बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अपंग व्यक्तीलाही मिळतो, म्हणजे जायबंदी झालेल्या घरधन्यालाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोन नंबर 15100. "मिळतील त्यातले निम्मे माझे" म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. कोऱ्या कागदावर सही नाहीतर अंगठा द्यायचा नाही.

लोकअदालतीत तडजोड जरूर करता येते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावर, वरचा हिशेब करूनच "हो" म्हणा.

तुम्ही नेहमी विचारता ते दोन प्रश्न

गाडी पळून गेली, नंबर नाही? तरी एफआयआर करा. अशा अपघातात गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. चौकशीला तहसील कार्यालयात जा.

मालाच्या पिकअपमधून लग्नाला नाहीतर जत्रेला निघालो आणि अपघात झाला तर? मालाच्या गाडीत बसलेल्या माणसांसाठी विमा कंपनी बहुधा हात वर करते. मालकाची जबाबदारी सुटत नाही, पण त्याच्याकडून वसूल होणं अवघड जातं. म्हणून गाडीत पाय ठेवायच्या आधीच विचार करा.

आणि एक छोटं काम. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त 20 रुपये आहे, वय 18 ते 70. अपघातात दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले, नाहीतर मृत्यू झाला, तर 2 लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर 1 लाख. हे पैसे कोर्टातल्या दाव्याशिवाय वेगळे मिळतात. मे महिन्याच्या शेवटी पैसे कापले जातात, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं दोन नोंदी करून आणा: आपल्यातल्या किती जणींचा हा विमा चालू आहे, आणि गेल्या सहा महिन्यांत गावात कुणाला मोठा अपघात झालाय का. असं घर असेल तर तिथं सीआरपी ताईंनी दोघींना सोबत घेऊन जावं, कागदाची पिशवी बघावी आणि मुदतीची तारीख मोजावी. त्या घरातल्या बाईला हे सगळं एकटीनं करणं होत नाही. तिथं गट तिच्या पाठीशी लागतो.