वाटीभर कोथिंबीर, पण किती ग्रॅम?

पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘एक वाटी चिरलेली कोथिंबीर’. घरच्या चौघांसाठी तेवढं पुरतं. पण पन्नास माणसांच्या कोथिंबीर वड्या करायच्या तर वजन हवं, कारण वाटी घरोघरी वेगळी.

पाण्याचा हिशोब सोपा: २४० मिलिलिटरचा कप म्हणजे साधारण २४० ग्रॅम. त्याच कपात कोथिंबिरीची पानं नुसती भुरभुरून टाकली, तर जेमतेम १५-१६ ग्रॅम भरतात. हीच पानं बारीक चिरून, बोटांनी दाबून भरा. वजन सहज दुप्पट होतं. म्हणून सैल की दाबून, हेही वहीत लिहावं. जुडी धुतल्यावर नीट निथळू द्या, नाहीतर तराजू पाणीच मोजतो. कोवळे देठ मात्र टाकू नयेत, असं माझं मत. वाटणात त्यांचीच चव उतरते.

वाळवलेल्या पानांचं गणित निराळं. ताजा चिरलेला पुदिना तीन चमचे सांगितला असेल, तर वाळलेला एक चमचा पुरे.

आणि कसुरी मेथी? चमचाभर मेथीला घरातला काटा बहुधा दादच देत नाही. त्यापेक्षा दहा सपाट चमचे एकत्र तोला आणि दहाने भागा.