काकींचं लुगडं आणि वांग्यावरचा शिंपी

आजचा भाग छोटा आहे. चहा गार व्हायच्या आत संपेल. विषय आहे गोधडी, आणि मध्येच एक पक्षी येणार आहे.

गोधडी आपल्याला भेट मिळते तेव्हा आपण काय म्हणतो? "वा, काय रंग आहेत!" पण गोधडी शिवणाऱ्या दोघी एकमेकींना भेट देतात ना, तेव्हा प्रकार वेगळाच असतो. माझ्या आईने शेजारच्या काकींच्या नातवासाठी दुपटं शिवलं. दुपटं म्हणजे तान्ह्या बाळाची छोटी गोधडी, जुन्या सुती साडीची, एकदम मऊ. काकींनी हातात घेतल्या घेतल्या ते उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. कारण बाळाला टोचते ती गाठ. आणि टाके लांब असले की धुण्यात आतले थर सरकतात, गोळे होतात. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "धावदोरा बारीक घातलास गं." संपलं. आईचा चेहरा बघायला हवा होतात!

आठवड्याने काकी एक पिशवी घेऊन आल्या. आत त्यांच्या आईचं नऊवारी लुगडं. "माझ्याच्याने कात्री लावणं होत नाही. तू लाव," म्हणाल्या. आईने पिशवी घेतली खरी, पण पंधरा दिवस ती कपाटातच. तिच्याच्यानेही होईना.

आता पक्षी. काकींच्या परसात वांग्याची दोन झाडं आहेत. पावसाळ्यात एकदा वांगी तोडायला गेल्या, तर एक मोठं पान कडेला शिवलेलं! खरंच शिवलेलं. आत कापसाचं घरटं आणि तीन अंडी. हा शिंपी पक्षी. चिमणीपेक्षाही लहान, पाठ हिरवट, डोकं तांबूस, शेपटी उभी. मादी चोचीने पानाच्या कडांना बारीक भोकं पाडते आणि त्यातून कापूस, झाडाचे तंतू, कोळ्याचं जाळं ओवते. गाठ मारत नाही. ओवलेला तंतू बाहेरच्या बाजूला पिंजारतो, फुगतो आणि त्यामुळेच निसटत नाही. पान देठाला तसंच असतं, हिरवं राहतं, म्हणून घरटं दिसतच नाही.

आई आणि काकी दोघी वाकून ते टाके बघत होत्या. आई म्हणाली, "गाठ नाही बघ कुठे!"

त्याच आठवड्यात वांग्यावर कीटकनाशक मारायला माणूस येणार होता. काकींनी त्याला नको म्हणून सांगितलं, कारण शिंपी पिल्लांना किडेच भरवतात. साधारण बारा दिवस अंडी उबवायला, पुढे दोनेक आठवडे पिल्लं घरट्यात. म्हणजे जवळजवळ महिनाभर वांगी किडली तर किडली. पाणी फक्त मुळाशी. घरातले उरलेले दोरे पक्ष्यासाठी बाहेर ठेवावेत असं आईच्या मनात आलं होतं, पण मी नको म्हटलं. तुम्हीही ठेवू नका. लांब दोरा पिल्लांच्या पायात अडकतो आणि पाय जातो. त्याचं सामान तो बरोबर शोधतो.

पिल्लं उडाली. त्या महिन्यात काकींना धड वांगं मिळालं नाही. त्यानंतर एका दुपारी आईने त्यांना घरी बोलावलं, लुगडं पसरलं आणि विचारलं, "कुठून सुरू करू?" काकींनी काठ आणि पदर दाखवला, "एवढं ठेव." बाकीचं आईने कापलं. काठ आता गोधडीला चारही बाजूंनी लागतोय. ती गोधडी काकींकडेच जाणार आहे, आणि त्या ती आधी उलटी करून बघणार, हे आईला पक्कं माहीत आहे. म्हणून रोज रात्री चष्मा लावून बारीक टाके चाललेत.

तुमच्या घरी जुनी गोधडी असेल तर आज ती उलटी करून बघा. आणि आजीला विचारा, यात कुणाकुणाची लुगडी आहेत. सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!