मेजर ग्लेन मिलर आणि त्याची तुकडी

 

फौजी माणूस जाझवर काय बोलणार, असं वाटेल. पण आज ज्याच्याविषयी बोलतोय, तो ट्रॉम्बोनवादकही होता आणि मेजरही. ग्लेन मिलर. जन्म १९०४, अमेरिकेतलं आयोवा राज्य.

ट्रॉम्बोन तुम्ही लग्नाच्या बँडमध्ये पाहिलाय. पितळी वाद्य, नळी पुढेमागे सरकवून सूर बदलायचा. मिलर तो चांगला वाजवायचा, पण जॅक टीगार्डन आणि टॉमी डॉर्सी त्याच्यापेक्षा सरस होते. हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने संगीतरचनेवर मेहनत घेतली. १९३७ साली काढलेला पहिला बँड बुडाला. १९३८ मध्ये त्याने दुसरा उभा केला. सॅक्सोफोनच्या ताफ्यावर क्लॅरिनेटला मुख्य सूर दिला, आणि तोच आवाज त्याची ओळख ठरला. 'चॅटानूगा चू चू'च्या बारा लाख प्रती खपल्या आणि १९४२ साली त्याला सोनेरी तबकडी मिळाली.

त्याच वर्षी, ऐन भरात असताना, त्याने बँड मोडला. वय ३८. घरी बसला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. नौदलाने नकार दिला, तेव्हा त्याने भूदलाकडे अर्ज केला आणि कॅप्टन झाला. लष्करी कूचगीतांत त्याने स्विंगचा ठेका आणला. जुन्या वळणाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही, जवानांना मात्र रुचलं. १९४४ मध्ये तो वाद्यवृंद घेऊन इंग्लंडला गेला.

युद्धात गाणंबजावणं कशाला, असं विचारणारे भेटतात. आपल्या सैन्यात बँडवाले युद्धाच्या वेळी जखमींचे स्ट्रेचर उचलतात. त्यांना बिनकामाचं म्हणण्याची हिंमत मी तरी करणार नाही. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या पोराला ओळखीची चाल ऐकू आली, तर ती रात्र निभते.

१५ डिसेंबर १९४४. बँडच्या पुढे पॅरिसला पोहोचायचं म्हणून मिलर एका लहान विमानात बसला. हवा खराब होती. विमान इंग्लिश खाडी ओलांडताना नाहीसं झालं. ना विमान सापडलं, ना माणसं.

बँड मात्र पॅरिसला पोहोचला, आणि त्याच्याविना वाजत राहिला. आमच्याकडे अधिकाऱ्याची खरी परीक्षा हीच: तो नसताना तुकडी कशी चालते? मिलर त्या परीक्षेत उत्तीर्ण झाला.

आज रात्री त्याची 'मूनलाइट सेरेनेड' जरूर ऐका. जय हिंद.