जुना खेळ, नवे यंत्र

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



खेळांविषयी बोलण्यास शिक्षक उभा राहिला की तोट्यांची यादी ऐकावी लागणार, अशी आपली समजूत होणे साहजिक आहे. अब्बांचा मोबाईल घेऊन तासन्‌तास बसणारा मुलगा भोरच्या पेठेत दिसतो, तसा वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीतही दिसतो. आपली काळजी मला मान्य आहे. परंतु आज मी सांगणार आहे ती गोष्ट वेगळी आहे. बंद पडलेला जुना खेळ आजच्या संगणकावर पुन्हा चालता कसा करतात, ही ती गोष्ट. या कामात खेळ थोडा आणि विद्या फार आहे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आज चाळिशीत असलेल्या काही पालकांना आठवत असेल. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली ‘ॲपल टू’ या संगणकासाठी तयार केला. आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याने चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चितारल्या. संगीत वडिलांनी दिले. ६० मिनिटांच्या आत राजकन्येची सुटका करावयाची, असा तो खेळ. १९९० साली तो डॉसवर चालणाऱ्या संगणकांवर आला.

हाच डॉसचा खेळ आजच्या विंडोज संगणकावर नुसता उघडू गेल्यास चालत नाही. तो १६ बिटांच्या यंत्रासाठी लिहिलेला आहे आणि आजची ६४ बिटांची विंडोज तसले कार्यक्रम चालवीत नाही. खेळ तोच आहे, पण त्याची भाषा समजणारे घर उरलेले नाही.

यावर उपाय दोन आहेत. ते समजण्यासाठी आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. भोर हे १९४८ पर्यंत संस्थान होते. त्या काळचे जमिनीचे, इनामाचे मोडी कागद अजून काही घरांतून ट्रंकेत जपलेले आहेत. असा कागद वाचावयाचा तर प्रत्येक वेळी मोडी जाणणारा माणूस बोलावून त्याच्याकडून वाचून घ्यावा, हा एक मार्ग. एकदाच नीट बसून तो बाळबोधीत उतरवून घ्यावा, हा दुसरा.

संगणकातही तसेच आहे. ‘डॉसबॉक्स’ नावाचा कार्यक्रम नव्या संगणकात जुन्या संगणकाचे सोंग उभे करतो आणि जुन्या आज्ञा नव्या यंत्राला समजावून देतो. हा झाला दुभाषा. काम भागते, पण खेळ आतून कसा रचला आहे हे चालवणाऱ्याला कळत नाही, आणि दुभाषा नसेल तर खेळही नाही. दुसऱ्या मार्गात खेळाच्या आज्ञा एकेक वाचून, त्यांचा अर्थ लावून, तोच खेळ आजच्या संगणकासाठी नव्याने लिहितात. मग दुभाषा लागत नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस आवृत्तीवरून अशा रीतीने ‘एसडीएलपॉप’ हा कार्यक्रम तयार झाला असून तो विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालतो. मूळ खेळातल्या चुका तशाच ठेवावयाच्या की दुरुस्त करावयाच्या, हेही त्यात ठरविता येते. समजल्याखेरीज दुरुस्ती होत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

हे वाचन सोपे नव्हे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. यंत्राच्या भाषेतही नुसत्या आकड्यांची रांग असते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने दिलेली नावे आणि टिपा त्यात राहिलेल्या नसतात. तलवारीचा घाव बसला की अमुक आकडा एकाने कमी होतो, तेव्हा ते राजपुत्राचे आयुष्य असावे, असा तर्क करीत पुढे जावे लागते. तर्क करावा, तो चालवून पाहावा, चुकला तर पुन्हा करावा. विज्ञानाच्या तासाला आपण याहून निराळे काय शिकवितो?

मेकनर यांचा स्वतःचा मूळ लेख मात्र बरीच वर्षे सापडत नव्हता. २०१२ साली वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या मिळाल्या. जाणकारांनी जुनी यंत्रे जुळवून त्यांतला मजकूर काढला आणि मेकनर यांनी तो सर्वांसाठी खुला केला. वीस वर्षांहून जुन्या फ्लॉप्या वाचता आल्या, हे नशीब. त्या नशिबावर कोणी विसंबू नये. ‘डूम’ या १९९३ च्या खेळाचा मूळ लेख तर मालकांनीच १९९७ साली खुला केला आणि तेव्हापासून तो नाना प्रकारच्या यंत्रांवर चालविला गेला.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ च्या खेळाचा अर्थ हौशी मंडळींनी लावला. २०२० साली त्याची संगणकावरची आवृत्ती पसरू लागली तेव्हा निन्टेन्डो कंपनीने तिच्या प्रती इंटरनेटवरून काढावयास लावल्या. खेळातील चित्रे आणि संगीत मालकाचे असते. समजून घेणे ही विद्या. परक्याचा माल वाटणे ही विद्या नव्हे.

पालकहो, हा प्रश्न खेळांपुरता नाही. पूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकलिखित होत असे आणि प्रत्येक फाँटाचे आकडे वेगळे असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर आज मराठीऐवजी भलतीच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. जुने मजकूर त्यात आणता येतात. मात्र बदललेला मजकूर डोळ्यांनी तपासावा लागतो. कित्येक शाळांचे अहवाल, निकाल आणि स्मरणिका अशाच अडकून पडल्या आहेत. हे काम आपली नववी-दहावीची मुले करू शकतील.

म्हणून पालकांनी मुलाच्या हातून मोबाईल काढून घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: “हा खेळ चालतो कसा, ते सांगशील?” उत्तर येणार नाही, पण प्रश्न त्याच्या मनात राहील. आणि विद्यार्थ्यांनो, जुना संगणक अडगळीत पडला असेल तर भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालते का पाहा. सी भाषेची ओळख करून घ्या. कोऱ्या पडद्यावर एक ठिपका डावीकडून उजवीकडे नेऊन दाखवा. राजपुत्राची धावही अशाच ठिपक्यांची आहे.

यंत्रे दर दहा वर्षांनी बदलतील. जे कोणीतरी समजून घेऊन लिहून ठेवले, तेवढेच पुढच्या यंत्रावर जाईल.